जिव्हाळा समितीसमोर ठकी

बत्तीस वर्षं मी कोर्टात कारकुनी केली. न्यायाधीश आले-गेले, वकील माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले, पंखे दोनदा बदलले, मी मात्र त्याच खुर्चीवर बसून हजर, गैरहजर आणि पुढील तारीख एवढंच लिहीत राहिलो. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "चहासाठी मला हाक मारता ते ठीक आहे, पण तीन-तीनदा पुकारा का करता?" तेव्हा कळलं की आपण घरात राहण्याच्या लायकीचे उरलेलो नाही, बाहेर काहीतरी काम बघायला हवं.

घरापासून दहा मिनिटांवर एक शाळा होती. तिथे अर्ध्या दिवसाचा कारकून हवा होता. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि त्यांचा चेहराच उजळला.

"कोर्टात होतात? मग भाऊसाहेब, आमची समिती तुम्हीच सांभाळायची!"

त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं होतं. मनाचा आजार असलेली मुलं शाळेत काही गडबड करतात, शाळा घाबरून पोलिसांना फोन लावते, आणि जे मूल डॉक्टरकडे जायला हवं ते कोर्टाच्या पायऱ्या चढतं. हे थांबवा, असं त्यात सांगितलं होतं. प्रत्येक शाळेने एक समिती नेमावी, मुलाशी आपुलकीने बोलावं आणि त्याला मदत मिळवून द्यावी.

परिपत्रक चांगलं होतं. अशी मुलं मी बघितली होती. कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करणारी, आपलं नाव पुकारलं तरी न उठणारी. म्हणून ते परिपत्रक मी दोनदा वाचलं आणि अगदी मनापासून कामाला लागलो. पुढे जे झालं त्यात माझा जो हात होता, तोही असा मनापासूनच होता.

समितीचं नाव ठेवलं जिव्हाळा समिती. त्यात मोठ्या बाई अध्यक्ष, खेळाचे सर, प्रयोगशाळेच्या बाई, संस्थाचालकांपैकी एक डुलक्या घेणारे गृहस्थ, आणि एक समुपदेशक बाई. समुपदेशक बाईंकडे अकरा शाळा होत्या आणि आमच्या शाळेच्या वाट्याला त्यांचा एकाआड एक गुरुवार आला होता. समिती बसायची सोमवारी.

संगीताची खोली समितीला मिळाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, खोली तुमच्या पद्धतीने मांडा."

मला खोली एकाच पद्धतीने मांडता येते. तिथे गाण्यासाठी बांधलेला एक चौथरा होता, त्यावर लांब टेबल लावून सभासदांच्या खुर्च्या ठेवल्या. खाली, बरोबर मध्ये, एकच खुर्ची. डाव्या हाताला माझं टेबल. मागे नातेवाइकांसाठी बाक. मोठ्या बाई दारातून बघतच राहिल्या. "कसं भारदस्त वाटतंय!" त्या म्हणाल्या आणि लगोलग ऑफिसातली पितळी घंटी आणवून आपल्या खुर्चीसमोर ठेवली.

आता फक्त मूल हवं होतं. पंधरा दिवसांत तेही मिळालं.

ती दहावीत होती. घरी तिला ठकी म्हणत. आई ती लहान असतानाच गेली होती, वडील लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचे आणि महिन्यातून दोनदा घरी यायचे. तिला वाढवलं आत्याने. आत्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करायच्या मशीनवर होती. अंगाने काटकुळी, आवाज मात्र मशीनवरून पलीकडे पोचेल असा.

ठकीला गेली दोन वर्षं एक त्रास होता. एखादी गोष्ट बंद केली की ती बंद झाली आहे यावर तिचं मन बसायचं नाही. घराची कडी ती लावायची, ओढून बघायची, चार पावलं जायची, परत यायची. डोळ्यांना कडी लागलेली दिसायची, हाताला लागलेली जाणवायची, पण पाय काही पुढे निघायचे नाहीत. आत्याला आधी वाटलं, पोरगी जपून वागते. पुढे तिला स्वतःलाच कामावर पोचायला उशीर व्हायला लागला, तेव्हा वाटलं, वय आहे, जाईल.

शाळेत हे सगळं रसायनाच्या प्रयोगशाळेत येऊन साठलं. तिथे बारा टेबलं आणि बारा गॅसच्या चाव्या. तास संपला की ठकी बाराही चाव्या तपासायची. मग पहिलीपासून पुन्हा. वर्गातली मुलं तिला 'चेकिंग' म्हणायला लागली. एके दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंनी वैतागून तिला दंडाला धरून बाहेर काढलं, दार ओढून लॅच लावलं आणि त्या शिक्षकांच्या खोलीत निघून गेल्या. ठकी दारापाशी थांबली. तासाची घंटा झाली, व्हरांडा रिकामा झाला, ती तशीच उभी. आपण शेवटची चावी नीट बघितली नाही, गॅस सुटतोय, सगळी शाळा जाणार, आणि ते आपल्यामुळे. पंचवीस मिनिटं तिने दम धरला. मग हातातली स्टीलची बाटली दाराच्या काचेवर मारली, आत हात घालून लॅच उघडलं आणि बाराही चाव्या बघून आली.

गॅस बंदच होता. बाराच्या बारा चाव्या बंद होत्या.

रक्ताने भिजलेली बाही घेऊन ती स्वतःच ऑफिसात आली आणि म्हणाली, "काच मी फोडली."

मोठ्या बाईंचा हात सवयीने फोनकडे गेला. मग त्यांना परिपत्रक आठवलं. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, समिती बोलवा."

पहिली बैठक झाली तेव्हा ठकी त्या मधल्या खुर्चीत बसली. हाताला पट्टी, नजर दाराच्या कडीवर. आत्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून मागच्या बाकावर. मी उभं राहून ठकीचं नाव, इयत्ता आणि तुकडी पुकारली. तीनदा.

मोठ्या बाई म्हणाल्या, "बाळ, घाबरू नकोस. हे काही कोर्ट नाही." आणि घंटी वाजवली.

खेळाच्या सरांना मुलं शिट्टीसर म्हणत, कारण शिट्टी त्यांच्या गळ्यातून झोपेतही निघत नसावी. चौथऱ्यावर बसल्याबरोबर त्यांच्यात एक निष्णात वकील जागा झाला.

"गॅस बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"हो सर."

"माहीत असूनही काच फोडलीस?"

"हो सर."

"लिहा," ते मला म्हणाले. "जाणूनबुजून."

मी लिहिलं.

मागून आत्या उसळली. "अहो, माहीत असून राहवत नाही, हाच तर तिचा आजार आहे ना! हौस म्हणून कोण हात कापून घेतं?"

घंटी वाजली. "आत्याबाई, तुम्हाला बोलायची संधी नंतर दिली जाईल," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती दिली गेली नाही, कारण मधली सुट्टी झाली. मी रिकामी वही पुढे ओढली आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "तारीख काय देऊ?" सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून समितीला तारखा पडायला लागल्या.

दुसऱ्या तारखेला समुपदेशक बाई नव्हत्या, म्हणून पुढली तारीख. तिसऱ्या तारखेला त्या दुसऱ्या शाळेतून वेळ काढून आल्या होत्या, पण फाईल आदल्या रात्री संस्थाचालक गृहस्थांनी वाचायला घरी नेली होती, म्हणून पुढली. समुपदेशक बाई जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "मला या मुलीशी एकटीशी अर्धा तास बोलू द्या ना. हिला चांगल्या डॉक्टरची गरज दिसतेय." मी त्यांना सांगितलं की तसा लेखी अर्ज करावा लागेल. त्यांनी केला. तो मी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत नववा घातला. समिती कधीच सहाव्याच्या पुढे गेली नाही.

आत्याने विचारलं, "मी हिला बाहेर एखाद्या डॉक्टरला दाखवू का?" तर मोठ्या बाई म्हणाल्या की प्रकरण समितीपुढे असताना परस्पर काही केलं तर घोटाळा होईल, थोडा धीर धरा. आत्याला ते खरं वाटलं. एवढी माणसं एवढ्या उंचावर बसली आहेत म्हणजे काहीतरी करतच असतील, असं कोणालाही वाटेल.

चौथ्या तारखेला समितीने काळजी योजना मंजूर केली. ठकीने प्रत्येक तासाला एका वहीत सही करायची. वर्गाबाहेर जाताना शिट्टीसर बरोबर. दप्तर सकाळी आणि संध्याकाळी तपासायचं. प्रयोगशाळेच्या जिन्याकडे फिरकायचं नाही. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "वर शीर्षक द्या, मायेची सावली." मी दिलं.

ज्या मुलीला एक गोष्ट वीस वेळा बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिला आम्ही दिवसातून आठ सह्या दिल्या. आपण सही केली का, हे बघायला ती परत परत वहीकडे जायला लागली. वही ऑफिसात होती आणि ऑफिस प्रयोगशाळेच्या जिन्यालगत होतं. पाचव्या तारखेला शिट्टीसरांनी आकडा मांडला: एका आठवड्यात योजनेचा भंग चौतीस वेळा. ठकीचे गाल आत गेले होते. ती डबा परत नेत होती, कारण झाकण लागलंय का हे बघण्यातच सुट्टी संपायची.

सहाव्या तारखेला हमीपत्र निघालं. मजकूर शिट्टीसरांचा, भाषा माझी. 'मी याद्वारे लिहून देते की यापुढे मला सदर आजार होणार नाही, आणि झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.' आता लिहिताना माझे कान तापतात, पण त्या दिवशी मला ते वाक्य नीट बसल्याचं समाधान वाटलं होतं.

ठकीने कागद हातात घेतला. वाचला. पुन्हा वाचला. पुन्हा. सगळे थांबले. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "यापुढे म्हणजे आत्तापासून, की सही झाल्यापासून?"

"सही झाल्यापासून," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग सही करताना झाला तर?"

संस्थाचालक गृहस्थ जागे झाले आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे." बाकी कोणाला तो बरोबर वाटला नाही. ठकीने कागद खाली ठेवला. "मला खोटं लिहून देता येणार नाही बाई. हे होणारच आहे. आत्तासुद्धा होतंय."

शिट्टीसर म्हणाले, "लिहा. सहीस नकार."

सातव्या तारखेला समितीने जड अंतःकरणाने ठराव केला की प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, तेव्हा पोलिसांना नुसतं कळवून ठेवावं. तक्रार नाही हं, मोठ्या बाईंनी तीनदा बजावलं, फक्त माहिती. उद्या काही झालं तर आपल्यावर यायला नको. मी एक्केचाळीस पानांचा गठ्ठा केला, वर पत्र जोडलं आणि शेवटी, हात जसा बत्तीस वर्षं चालला तसाच चालला, लिहून टाकलं: 'माहितीस्तव व पुढील कार्यवाहीसाठी सादर.'

तीन दिवसांनी आत्याला पोलीस ठाण्यातून फोन आला. मुलीला घेऊन या.

मला हे कळलं ते आत्या शाळेत आली म्हणून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ऑफिसच्या दारात उभी राहून अगदी हळू म्हणाली, "पोलिसात जाऊ नये म्हणून तुमची समिती होती ना, भाऊ? पहिल्याच दिवशी पाठवलं असतं तर माझ्या सात रजा तरी वाचल्या असत्या."

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आपण फक्त कळवलं होतं." मग मी पत्राची प्रत काढून शेवटची ओळ वाचली आणि तिच्यावर बोट ठेवलं. पुढील कार्यवाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ठरावातही नव्हतं. ते माझ्या एकट्याचं होतं. कोर्टातल्या त्या बाकावरची मुलं कोणाच्या तरी अशाच शेवटच्या ओळीमुळे तिथे येऊन बसली असतील, हा विचार मला बत्तीस वर्षांत आला नव्हता.

"मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो.

ठाण्यात एका अंगाने जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेल्या हवालदार बाई होत्या. त्यांच्यासमोर आमचा गठ्ठा उघडा पडला होता. सकाळपासून त्या वाचत असाव्यात, कारण चेहऱ्यावर तसा राग होता.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," मी म्हणालो.

"बसा. मला एक सांगा काका, यात गुन्हा कुठल्या पानावर आहे?"

"तसा गुन्हा नाही. काच फुटली, ती पान तीनवर."

"काच शाळेची. शाळेची तक्रार आहे?"

"नाही. माहितीस्तव आहे."

"मग पुढील कार्यवाही कशाची?"

"ते... सवयीने लिहिलं गेलं."

हवालदार बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि माझ्याकडे असं बघितलं की इतक्या वर्षांत एकाही न्यायाधीशाने तसं बघितलं नव्हतं. "सवयीने," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांचे साहेब डोकावले. "शाळेचं ते प्रकरण आलं का? घ्या लिहून. या महिन्यात अल्पवयीन मुलांच्या रकान्यात आपल्याकडे शून्य आहे, वरून विचारणा होते. बाल न्याय मंडळापुढे उभं करा, ते दोन आठवडे निरीक्षणगृहात ठेवून काय ते ठरवतील."

आत्याने ठकीचा हात पकडला. निरीक्षणगृह मला माहीत होतं. तिथल्या दारांना बाहेरून कड्या असतात.

हवालदार बाई जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. "घेते साहेब," त्या म्हणाल्या. "पण मग ही एक्केचाळीस पानं पुरावा म्हणून लावावी लागतील. तीन प्रती, प्रत्येक पानावर तुमची सही. शिवाय यातल्या पाचही सभासदांचे जबाब तुम्हालाच घ्यावे लागतील, अल्पवयीन आहे म्हणून. एकजण फक्त एकाआड एक गुरुवारी भेटतात."

साहेबांनी गठ्ठ्याची जाडी लांबूनच मोजली. "एवढं काही गंभीर आहे का?"

"काच फुटलीय."

"मग कशाला पोरीला त्रास," साहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं.

दार बंद झाल्याबरोबर ठकी उठली. चार पावलं टाकून दाराच्या मुठीपाशी गेली, थबकली आणि ओशाळून मागे वळली. आत्या तिला ओढून बसवणार, तर हवालदार बाईंनी हातानेच आत्याला थांबवलं.

"किती वेळा बघावंसं वाटतं?" त्यांनी ठकीला विचारलं.

"मोजलं तर जास्त वाटतं," ठकी म्हणाली.

"त्रास होतो?"

सात तारखांत, एक्केचाळीस पानांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. का केलंस, कसं केलंस, पुन्हा करशील का, हे सगळं विचारून झालं होतं. ठकीने आधी मान हलवली. मग तिला रडू फुटलं आणि हुंदक्यांमधून ती बोलत सुटली. रोज सकाळी उठल्या उठल्या आज काय काय बंद करावं लागेल याची भीती वाटते. आत्याला उशीर होतो म्हणून ती झोपलेली असतानाच कडीचं सगळं उरकून ठेवते. पेन बंद करायला लागू नये म्हणून पेन्सिलने लिहिते. आत्या तोंडाला हात लावून ऐकत होती. यातलं अर्धं तिलाही माहीत नव्हतं.

हवालदार बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मनोरुग्णालयाच्या दारावर मी तीन वर्षं ड्युटी केलीय," त्या आत्याला म्हणाल्या. "असली कितीतरी माणसं बघितली. चांगली शिकलेली, कमावती. औषध असतं याला, सरावही करून घेतात. वेळ लागतो, पण माणूस सावरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी बाह्यरुग्ण विभाग असतो, चौदा नंबरच्या खोलीत एक डॉक्टर बाई बसतात. जरा तिरसट आहेत, पण ऐकून घेतात. उद्याच जा."

"समितीची परवानगी..." आत्याने माझ्याकडे बघितलं.

"नको," मी म्हणालो. समितीच्या वतीने मी तोंड उघडून घेतलेला हा पहिला निर्णय.

मग हवालदार बाईंनी रोजनाम्याची वही ओढली आणि लिहिलं: 'मुलगी व आत्या येऊन भेटल्या. आजारी आहे, दवाखान्यात जाण्यास सांगितले. गुन्हा दिसून येत नाही.' सही, वेळ, शिक्का. मी त्या नोंदीकडे बघत राहिलो. जन्मभर लेखणी चालवली, पण असं मला एकदाही जमलं नव्हतं.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच मी आत्याची माफी मागायला सुरुवात केली. वाक्य लांबलं, त्यात एकदा 'सदर' आलं, तेव्हा तिनेच ते तोडलं.

"माफी राहू द्या, भाऊ. मंगळवारी मी रजा काढीन कशीबशी, पण शुक्रवारी मला दुपारची पाळी सोडता येत नाही. तुम्ही न्याल हिला?"

"नेईन."

"रांगेत दोन-दोन तास जातात म्हणे."

"मला वाट बघायची सवय आहे," मी म्हणालो. ती खरोखर होती.

इकडे समितीत वेगळाच पेच पडला. पोलिसांनी काही केलं नाही, म्हणजे प्रकरण आपल्याकडे परत आलं, असं शिट्टीसरांचं म्हणणं. आठवी तारीख लावा, हमीपत्राचा मुद्दा अजून बाकी आहे. मोठ्या बाईंनाही तसंच वाटत होतं. परिपत्रकाखाली किती बैठका झाल्या याचा आकडा वर्षअखेर कळवायचा होता आणि आपला आकडा सगळ्यांत मोठा असेल अशी त्यांना आशा होती.

कारकुनाने बोलायचं नसतं. मी उभा राहिलो.

"अध्यक्षांच्या परवानगीने," मी म्हणालो, आणि आयुष्यात ऐकलेले सगळे वकील माझ्या घशात गोळा झाले. "ठाण्याच्या नोंदीत गुन्हा दिसून येत नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलगी वैद्यकीय उपचाराखाली आहे. अशा स्थितीत समितीने तिला पाचारण केल्यास ते अधिकारक्षेत्राबाहेरचं ठरेल आणि त्याची जबाबदारी सभासदांवर व्यक्तिशः येईल."

यातलं अधिकारक्षेत्र मी कुठून आणलं ते मला विचारू नका. पण 'व्यक्तिशः' हा शब्द चौथऱ्यावर नीट जाऊन पडला. शिट्टीसरांनी शिट्टी चाचपली. संस्थाचालक गृहस्थ पूर्ण जागे झाले. मोठ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे प्रकरण बंद करता येईल?"

"करावंच लागेल."

"मग काळजी योजना?"

"तीही. आणि समुपदेशक बाईंचा अर्ज विषयपत्रिकेत नववा आहे, तो पहिला घ्यावा असं सुचवतो."

प्रकरण बंद झालं. त्या वर्षी आमच्या शाळेला वरून कौतुकाचं पत्र आलं, कारण आमच्या अहवालात पोलीस कारवाईच्या रकान्यात शून्य होतं आणि बैठकांच्या रकान्यात आठ. मोठ्या बाईंनी ते काचेच्या चौकटीत लावलं. पुढे दुसरं परिपत्रक आलं, जिव्हाळा समिती जाऊन स्नेह मंच आला, सभासद तेच. पण समुपदेशक बाई आता हट्टाने आधी मुलाला एकट्याला भेटतात, संगीताच्या खोलीत नाही, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. आणि मोठ्या बाई, खरं सांगायचं तर वाईट बाई नाहीत, त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ती मुलगी मला घाबरते का हो?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावरचं टेबल खाली आणलेलं होतं. घंटी मात्र त्यांनी ठेवली.

शुक्रवारी मी ठकीबरोबर जात राहिलो. डॉक्टर बाई खरंच तिरसट होत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "तुम्ही तिला 'बंद आहे, काळजी करू नकोस' असं सांगता का?"

"सांगतो. धीर द्यायला."

"देऊ नका. तिला खात्री नसताना राहायला शिकायचंय. तुम्ही खात्री द्यायला लागलात तर तुम्हीच तिची कडी होऊन बसाल."

तेव्हापासून मी गप्प बसायला शिकलो. औषधाने आधी तिला नुसती झोप यायची. मग मळमळ. दोन महिने काहीच फरक दिसेना आणि आत्या एकदा हॉटेलच्या गणवेशातच दवाखान्यात येऊन डॉक्टर बाईंशी भांडून गेली. मग एका शुक्रवारी ठकी बसमध्ये सहज म्हणाली की आज कडी तिने तीनदाच बघितली. पुढल्या आठवड्यात पुन्हा पंधरावर गेली. परत खाली आली. सरळ रेघ अशी कधी नव्हतीच.

दहावीच्या परीक्षेत रसायनाचं प्रात्यक्षिक होतं. प्रयोगशाळेच्या बाई आदल्या दिवशी माझ्याकडे आल्या, बराच वेळ टेबलावरची टाचणी सरळ करत राहिल्या, मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तिला दंडाला धरायला नको होतं." मी म्हटलं, हे तिला सांगा. त्यांनी सांगितलं की नाही मला ठाऊक नाही.

परीक्षेच्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. मुलं एकेक करून बाहेर आली. ठकी शेवटच्या आधी आली आणि माझ्या शेजारी बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कपाळावर घाम.

"बंद केली मी चावी," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही.

"काका, तुम्ही बोला ना काहीतरी."

"बोलायचं नाही असं ठरलंय."

ती चिडली. पाय आपटला. मग मोठा श्वास घेतला, सोडला, असं बराच वेळ केलं. सात-आठ मिनिटं गेली असतील. ती उठली, आत गेली. मला वाटलं, झालं, आता बाराही टेबलं. पण ती लगेच परत आली.

"फक्त माझंच बघितलं," ती म्हणाली. "एकदाच. चालतं का?"

"डॉक्टर बाईंना शुक्रवारी विचारू."

तेवढ्यात तिच्या वर्गातली एक मुलगी धावत आली आणि ज्योतीचा रंग काय लिहिलास म्हणून विचारायला लागली. ठकी म्हणाली हिरवा. ती मुलगी म्हणाली, छे, निळा होता. "निळा कसला, डोळे तपासून घे!" ठकी म्हणाली, आणि दोघी तिथेच हातवारे करून भांडायला लागल्या.

आत्या पाळी संपवून धापा टाकत आली. केसांना लाँड्रीची वाफ लागलेली. तिने लांबूनच मला खुणेने विचारलं, कसं झालं?

"हिरवा की निळा, यावर भांडण चालू आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे मार्क जातील बहुतेक."

आत्याने पिशवी खाली ठेवली, बाकावर बसली आणि पाय लांब केले. "जाऊ देत की," ती म्हणाली.